मालेरीची तांबडी माती

नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय विदर्भात कोणाला ठाऊक नाही? १८८३ साली निघालेल्या या महाविद्यालयातून किती पिढ्या शिकून बाहेर पडल्या. परंतु ज्या स्टीफन हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याच्या स्मरणार्थ ते नाव दिले गेले, त्याचे नाव आणखी एका ठिकाणी कोरलेले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. २२-२३ कोटी वर्षांपूर्वी मध्य भारतातील नद्यांत सुसरीसारखा दिसणारा, लांब मुस्कटाचा एक हिंस्र प्राणी राहत असे. शास्त्रज्ञ त्याला ‘पॅरासुकस हिस्लॉपी’ म्हणतात. धर्मोपदेशकाचे नाव सुसरीच्या भाईबंदाला मिळावे, यात थोडा विनोद आहे खरा. पण हा मान हिस्लॉप यांनी आपल्या पायांनी आणि डोळ्यांनी मिळविला होता.

हिस्लॉप १८४५ च्या सुमारास नागपुरास आले. शाळा चालविणे, गोंडांची भाषा व चालीरीती टिपून ठेवणे हे करीत असताना रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर ते आसपासचे खडक पाहत हिंडत. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्याआधी काही वर्षे नागपूरच्या बरेच दक्षिणेस असलेल्या एका खेड्यातून त्यांच्या हाती काही चमत्कारिक दात आले होते. त्या खेड्याचे नाव मालेडी. पुढच्या लिखाणात ते मालेरी झाले, आणि त्या नावानेच तेथील खडकांना, म्हणजे मालेरी शैलसमूहाला, जगाने ओळखले.

हे ठिकाण नेमके कोठे आहे ते प्रथम पाहू. वर्धा आणि वैनगंगा या आपल्या दोन नद्या एकत्र आल्या की त्यांची प्राणहिता होते. महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा एका तीरावर आणि तेलंगण दुसऱ्या तीरावर ठेवून ती दक्षिणेकडे वाहते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. या प्राणहितेच्या पश्चिमेचा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता, पुढे आदिलाबाद जिल्ह्यात आला. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, त्यानंतर त्या जिल्ह्याचेही तुकडे होऊन आसिफाबाद, मंचेरियल अशी नवी नावे आली. सागाची विरळ राने, भाताची आणि कापसाची शेते, आणि मधूनमधून उघडी पडलेली तांबडी जमीन. पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तडकते. वाटसरूला तेथे थांबण्याचे काही कारण नाही. पण याच तांबड्या मातीत ट्रायासिक नावाच्या कालखंडाचे एक दप्तर पुरलेले आहे.

ट्रायासिक म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी सुरू होऊन २० कोटी वर्षांपूर्वी संपलेला काळ. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाला आपण फार जुना समजतो. तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. मालेरीची माती साचली तेव्हा सह्याद्री नव्हता, हिमालय नव्हता, आणि भारत आशियात नव्हता. दक्षिण गोलार्धात आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांना चिकटून तो एका विराट भूखंडाचा भाग होता. या भूखंडाला पुढे जे नाव मिळाले ते मूळ गोंडांच्या देशावरून, म्हणजे याच प्रदेशावरून. मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने १८७२ साली येथील खडकांना गोंडवन हे नाव सुचविले आणि १८८५ साली झ्यूस या ऑस्ट्रियन पंडिताने ते साऱ्या खंडसमूहाला लावले.

आजच्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्याच्या जागी त्या काळी एक लांबट खचदरी होती. तिचा तळ हळूहळू खाली बसत होता, आणि नद्या आपला गाळ आणून तो भरून काढीत होत्या. नदीच्या पात्रात वाळू साचे, तिचा वालुकाश्म झाला. पूर ओसरल्यावर आजूबाजूच्या मैदानावर बारीक चिखल राही, त्याचा पंकाश्म झाला. मालेरीत हा पंकाश्मच फार. लोखंडाच्या ऑक्साइडाने तो तांबडा झाला आहे. त्यात चुनखडीचे बारीक खडे सापडतात, आणि ते फार बोलके आहेत. एका ऋतूत जमीन भिजते व दुसऱ्या ऋतूत कडक वाळते, अशा हवेत मातीतील चुना वर ओढला जाऊन असे खडे बनतात. आपल्या शेतातील चुनखडाचे खडे ज्याने पाहिले आहेत त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. तात्पर्य, पावसाळा आणि कोरडा ऋतू ही जोडी या मुलखात भारत आशियाला भिडण्याच्या फार पूर्वीपासून नांदत होती.

हे सारे थर ईशान्येकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे एक मोठी सोय झाली आहे. पश्चिमेकडून प्राणहितेच्या दिशेने माणूस चालू लागला की जमीन सपाट असूनही तो क्रमाने वरच्या, म्हणजे नव्या थरांवर येतो: प्रथम येर्रापल्लीचे तांबडे खडक, मग भीमारमचा वालुकाश्म, मग मालेरी, त्यावर धर्मारम, आणि शेवटी नदीकाठी कोटाचे चुनखडक. आठ-दहा कोसांच्या चालीत काही कोटी वर्षे ओलांडली जातात.

आता हिस्लॉप यांच्या दातांकडे वळू. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. जाड, चपटे, एका कडेला कोंबड्याच्या तुऱ्यासारखे कंगोरे असलेले हे दात सेराटोडस नावाच्या माशाचे होते, आणि त्यांतील दोन जातींना हिस्लॉप व हंटर यांची नावे देण्यात आली. गंमत अशी की हा मासा तोवर कोणी पाहिलेला नव्हता. युरोपात सापडलेल्या अशाच सुट्या दातांवरून आगासी या स्विस पंडिताने त्याला नाव दिले होते आणि तो केव्हाच निर्वंश झाला अशी सर्वांची समजूत होती. पुढे १८७० साली सिडनीच्या संग्रहालयातील क्रेफ्ट यांच्यापुढे क्वीन्सलंडच्या नदीतला एक मासा आला. तेथील वसाहतवाले तो खुशाल खात असत. क्रेफ्ट यांनी त्याचे तोंड उघडले, आणि आत तेच कंगोरेदार दात! हा फुप्फुसमीन, पाणी खराब झाले की वर येऊन हवा घेणारा. मालेरीच्या कोरड्या ऋतूत डबकी आटत असताना त्याच्या आप्तांना ही विद्या किती उपयोगी पडली असेल याची कल्पना करता येते.

परंतु दातांवरून खडकाचे वय पक्के होईना, कारण सेराटोडससारखे मासे फार दीर्घ काळ टिकले. वयाचा उलगडा झाला तो दुसऱ्या एका प्राण्यामुळे, आणि त्यासाठी आपल्याला घटकाभर स्कॉटलंडमध्ये जावे लागेल. तेथे एल्गिन नावाच्या गावाजवळ पिवळसर वालुकाश्माच्या खाणी आहेत. मर्चिसन यांच्यासारख्या अधिकारी पुरुषानेही तो वालुकाश्म डेव्होनियन, म्हणजे माशांच्या फार प्राचीन युगातला, मानला होता. तेथील गॉर्डन नावाच्या पाद्र्याने जमविलेल्या हाडांत टी. एच. हक्स्ले यांना १८५९ साली एक चमत्कारिक सरपटणारा प्राणी दिसला. त्याचे नाव त्यांनी हायपरोडापेडॉन गॉर्डोनी ठेवले. हा प्राणी साधारण मोठ्या डुकराएवढा, बसकट. पुढे पोपटासारखी वाकडी चोच, आणि तोंडात दातांच्या ओळीच ओळी. वरच्या जबड्यात लांब खाच व खालच्या जबड्याला पाते. तोंड मिटले की पाते खाचेत बसे. आपल्याकडच्या अडकित्त्याची आठवण व्हावी अशी ही रचना. कठीण झाडपाला व कंदमुळे तोडण्यासाठी ती असावी.

अशा प्राण्याला डेव्होनियन युगात जागा नव्हती. तरीही एका खाणीतल्या हाडावर खडकाचे वय ठरविणे धाडसाचे होते; त्याला दुसरा साक्षीदार हवा होता. इंग्लंडमधील ट्रायासिक खडकांत त्याची हाडे मिळाली, आणि मालेरीहून सर्वेक्षणाकडे आलेल्या संग्रहातही तसेच जबडे निघाले. १८६९ सालच्या आपल्या निबंधात हक्स्ले यांनी त्यांची दखल घेतली. एक स्कॉटिश पाद्री एल्गिनला, दुसरा नागपुरात. दोघांनी दगड गोळा केले आणि दोहोंतून एकच प्राणी बाहेर आला. एल्गिनचा वालुकाश्म आणि मालेरीची माती समवयस्क ठरली. मधल्या हजारो मैलांचे काय, हा प्रश्न त्या वेळी अनुत्तरितच राहिला. पुढे ब्राझील आणि अर्जेंटिना येथेही याच प्राण्याचे जबडे विपुल मिळाले. खंडे एकत्र होती आणि नंतर सरकली, हे विसाव्या शतकात सिद्ध झाल्यावरच या चोचीच्या प्राण्याचा प्रवास समजला. त्याला समुद्र ओलांडावा लागलाच नव्हता.

१८८५ साली रिचर्ड लिडेकर यांनी मालेरीच्या साऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे रीतसर वर्णन केले. येथल्या चोचीच्या प्राण्याला त्यांनी हक्स्ले यांचे नाव दिले आणि सुसरीसारख्याला हिस्लॉप यांचे. लिडेकर मोठे व्यासंगी होते, पण त्यांच्यापुढे टेबलावर होते ते इतरांनी वेचून आणलेले तुकडे. कोणते हाड कोणत्या हाडाशेजारी पडले होते हे सांगणारा कोणी नव्हता. शंकर चॅटर्जी यांनी सुमारे नव्वद वर्षांनी तेच तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा असे आढळले की ‘पॅरासुकस’ म्हणून ठेवलेल्या तुकड्यांत एक कवटीचा भाग त्या चोचीच्या प्राण्याचा होता! मुस्कट एकाचे आणि मेंदूची पेटी दुसऱ्याची. आम्हां कचेरीत काम करणाऱ्यांना या प्रकाराचे फारसे नवल वाटणार नाही. आवक क्रमांक नसलेला कागद खरा असला तरी तो कोणत्या प्रकरणाचा हे कळत नाही, आणि मग तो भलत्याच फाइलीत जाऊन बसतो.

ही चूक सुधारायची तर जमिनीवर परत जाणे प्राप्त होते. ते काम स्वातंत्र्यानंतर झाले, आणि तेही अनपेक्षित संस्थेकडून. १९५७ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत भूविज्ञानाचा एक विभाग काढला व त्यासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील पामेला रॉबिन्सन या विदुषीला बोलाविले. संख्याशास्त्राच्या संस्थेने हाडे का उकरावी, असे अनेकांना वाटले असेल. महालनोबिस यांची धारणा अशी होती की संख्याशास्त्राने निसर्गविज्ञानांच्या सहवासात वाढावे. एकटे राहिले तर ते पोरके होईल. या धारणेची एक खूण मालेरीत राहून गेली आहे. सस्तन प्राण्यांच्या दूरच्या पूर्वजांपैकी एका प्राण्याची जात येथे मिळाली, तिला चॅटर्जी यांनी १९८२ साली ‘एक्सेरेटोडॉन स्टॅटिस्टिसी’ असे नाव दिले. संख्याशास्त्राचे नाव धारण करणारा असा दुसरा प्राणी माझ्या तरी ऐकिवात नाही.

रॉबिन्सन आणि त्यांचे भारतीय सहकारी, एस. एल. जैन, तपन रॉयचौधरी, टी. एस. कुट्टी आणि इतर, यांनी पहिले काम केले ते नकाशाचे. कोणता थर कोठे सुरू होतो, कोठे संपतो, आणि हाड नेमके कोणत्या थरातून निघाले, याची नोंद प्रथम. हाडाचे नाव मागाहून. याचे फळ लगेच मिळाले. पूर्वी जे सर्व तांबडे खडक एकाच मालेरी नावाखाली मोडत, त्यांतले खालचे वेगळे निघाले. त्यांत चोचीचा हायपरोडापेडॉन नव्हता; होते ते दोन सुळ्यांचे, जुन्या धाटणीचे वनस्पतिभक्षक. या खालच्या खडकांना १९६४ साली येर्रापल्ली हे स्वतंत्र नाव मिळाले. तेथील एका सुळेवाल्याला पुढे रॉयचौधरी यांनी थोर भूवैज्ञानिक दा. ना. वाडिया यांच्यावरून वाडियासॉरस म्हटले; एकाच जागी त्याची अनेक हाडे मिळाली आहेत, एखादा कळपच गाडला गेला असावा तशी.

मालेरीत मग सबंध सांगाडे हाती येऊ लागले. पॅरासुकसचे दोन सांगाडे शेजारी शेजारी मिळाले, जवळजवळ पूर्ण. आणि त्यांच्याबरोबर एका सडपातळ, सरड्यासारख्या प्राण्याची हाडे होती. चॅटर्जी यांचा तर्क असा की ती त्या सुसरींच्या पोटातली. मरण्यापूर्वीचे त्यांचे शेवटचे जेवण. त्या भक्ष्याला त्यांनी १९८० साली मालेरीसॉरस रॉबिन्सनी म्हटले. पुढे २००३ साली प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने लिडेकर यांचे संमिश्र तुकडे बाजूला ठेवून या दोन सांगाड्यांपैकी एकालाच ‘पॅरासुकस हिस्लॉपी’ या नावाचा अधिकृत धनी ठरविले. हिस्लॉप यांच्या नावाला शंभरावर वर्षांनी निर्भेळ देह मिळाला, तो असा.

या नदीकाठच्या समाजात आणखीही मंडळी होती. पाण्याच्या तळाशी चपट्या, रुंद डोक्याचा मोठा उभयचर दबा धरून बसे. १९६५ साली त्याला मेटोपोसॉरस मालेरिएन्सिस हे नाव मिळाले आणि २०१९ पासून त्याला पॅन्थासॉरस म्हणतात. चिखलात शिंपले होते. या साऱ्यांची अश्मीभूत विष्ठाही विपुल सापडते, आणि ती वेचून पाहणारे संशोधक तिला सोन्यासारखी जपतात. कोणी काय खाल्ले हे तिच्याइतके प्रामाणिकपणे दुसरे काही सांगत नाही.

यानंतरचा शोध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी त्यात एकही नवा प्राणी नाही. कुट्टी आणि धूर्जटी सेनगुप्ता यांनी १९८९ साली दाखवून दिले की येर्रापल्ली वेगळे काढल्यावर उरलेली मालेरीही एकजिनसी नाही. तिच्या खालच्या भागात चोचीचे प्राणी आणि पॅरासुकस यांचे राज्य आहे. वरच्या भागात ते दिसत नाहीत. त्यांच्या जागी दुसरे प्राणी आहेत, आणि त्यांत डायनोसॉर आहेत. माती तीच, रंग तोच, नदीही बहुधा तीच. पाहणाऱ्याला सीमारेषा कोठेच दिसत नाही. ती आहे फक्त नोंदवहीत. प्रत्येक हाडासमोर जागा आणि थर लिहिलेला होता म्हणूनच ती सापडली. लिडेकर यांच्या टेबलावर ती कधीच उमटली नसती, कारण तेथे वरचे आणि खालचे एकाच टोपलीत आले असते.

खालच्या मालेरीत डायनोसॉर अजिबात नव्हते असे नव्हे. तेथून चॅटर्जी यांनी १९८७ साली एका चिमुकल्या डायनोसॉराचे वर्णन केले. त्याचे पहिले नाव दुसऱ्या एका क्षुद्र जलचराला आधीच दिलेले निघाले, म्हणून १९९४ साली ते बदलून अल्वॉकेरिया केले. पण त्याची सर्व हाडे एकाच प्राण्याची आहेत का, याविषयी पुढील तपासणीत शंका निघाली आहे. एकाहून अधिक प्राणी त्यात मिसळले असावेत. म्हणजे पॅरासुकसचे दुखणे येथे पुन्हा उद्भवले. तांबड्या मातीचा हा स्वभावच आहे. पुराने ती लहान हाडे एकत्र लोटते आणि पुढे आपल्याला ती एकाची वाटतात. नोंद कितीही काटेकोर असली तरी जे मिश्रण पाण्याने केले ते ती वेगळे करू शकत नाही.

वरच्या मालेरीतील डायनोसॉर मात्र अधिक स्पष्ट आहेत. २०११ साली नंबालिया आणि जाकलापल्लीसॉरस अशा दोन वनस्पतिभक्षकांची नावे जाहीर झाली. तेथील खेड्यांची नावे अशी जगाच्या शास्त्रग्रंथांत गेली. यांच्याच गोतावळ्यातून पुढे प्रचंड लांब मानेचे डायनोसॉर झाले. त्यांतला एक प्रसिद्ध आरंभीचा प्रतिनिधी, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त ‘टागोरी’ म्हणविला गेलेला बारापासॉरस, याच खोऱ्याच्या वरच्या, कोटाच्या खडकांतून निघाला आणि १९७७ पासून कलकत्त्याच्या त्या सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

आणि अगदी अलीकडे, २०२५ साली, मालेरीरॅप्टर कुट्टी हे नाव जाहीर झाले. हा मांसभक्षक, दोन पायांवर चालणारा. त्याची हाडे गेल्या शतकातच निघून संस्थेत पडून होती, आणि नाव मिळाले ते उकरणाऱ्यांपैकी एकाचे, टी. एस. कुट्टी यांचे. त्याचे महत्त्व असे: ज्या प्राचीन मांसभक्षकांच्या घराण्यातला तो आहे, ते घराणे दक्षिण अमेरिकेत चोचीच्या प्राण्यांच्या बरोबरीने भरभराटीस आले होते. चोचीचे प्राणी गेले, तेव्हा तेही गेले की काय, असा प्रश्न होता. मालेरीरॅप्टर वरच्या थरातला, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे भक्ष्य नाहीसे झाल्यावरही भक्षकाचे घराणे निदान भारतात तरी तगून राहिले. हा निष्कर्ष सर्वस्वी ते हाड वरच्या मालेरीचे आहे या एका नोंदीवर उभा आहे.

वर्षांचे आकडे मी आतापर्यंत निःशंकपणे सांगितले, परंतु एक गोष्ट उघड करणे योग्य होईल. अर्जेंटिनात अशाच प्राण्यांच्या थरांत ज्वालामुखीची राख आहे. तिच्यातील किरणोत्सारी घटकांवरून सुमारे २३ कोटी १० लाख वर्षे असे वय मोजून काढता येते. मालेरीचे वय प्राण्यांच्या साम्यावरून, म्हणजे त्या दूरच्या घड्याळावरून, लावलेले आहे. हक्स्ले यांनी एल्गिनसाठी मालेरीची साक्ष काढली होती. आज मालेरी अर्जेंटिनाची साक्ष काढते.

हाडे मिळतात कशी, असे कोणी विचारील. फार खोल खणावे लागत नाही. पावसाच्या धारांनी तांबडी माती धुपते आणि हाडाचे टोक वर येते. शेत नांगरतानाही तुकडे निघतात. ज्या पावसाने ते वर काढले तोच दोन-तीन पावसाळ्यांत ते फोडून त्याचे पांढुरके कण करून टाकतो. तेवढ्या मुदतीत तेथून जाणाऱ्याची नजर त्यावर पडली पाहिजे, आणि त्याने ते उचलण्यापूर्वी ते कोठे पडले होते हे लिहून ठेवले पाहिजे. मालेरीरॅप्टरच्या वाट्याला हे भाग्य आले ते कमरेच्या हाडांपुरते आणि शेपटीच्या काही मण्यांपुरते. त्याचे डोके अजून कोणाला मिळालेले नाही.